सैतान आला कुठून? बायबल अभ्यासात हा प्रश्न असा घ्या

आमच्या मंडळीतला बुधवारचा बायबल अभ्यास बहुतेक मीच घेते, आणि हा प्रश्न कोणी ना कोणी काढतंच. घ्या, टाळू नका. फक्त उत्तरापासून सुरुवात करू नका. सगळ्यांना आधी बोलू द्या: सुंदर देवदूत होता, गर्व चढला, स्वर्गातून हाकलला. मग विचारा, हे लिहिलंय कुठे?

बायबलच्या जुन्या करारातला यशया १४ उघडा, पण आकाशातून पडलेल्या प्रभातताऱ्याच्या बाराव्या वचनावर थेट जाऊ नका. चौथ्यापासून मोठ्याने वाचायला लावा. बाबेलच्या राजाला उद्देशून हे बोल आहेत, असं तिथेच म्हटलंय. यहेज्केल २८ मधला विलाप सोरच्या राजासाठी आहे, आणि त्याच्या पापात भरमसाट व्यापाराचा उल्लेख येतो. एदेन बाग आणि करूब (पंख असलेला स्वर्गीय रक्षक) मात्र तिथे आहेतच, म्हणून पुष्कळांना त्यात सैतान दिसतो. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने दोन्ही उतारे सैतानाला लावले. सोळाव्या शतकातल्या कॅल्विन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाने यशयाचा तसा अर्थ साफ नाकारला. ही दोन्ही नावं जरूर सांगा, म्हणजे वेगळं मत मांडणाऱ्याकडे कोणी संशयाने बघणार नाही.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, प्रकटीकरण १२ ला जास्त वेळ द्या. देवदूत मिखाएल आणि अजगर, म्हणजे सैतान, यांची लढाई जगाच्या आरंभीची, असं बरेच जण धरून चालतात. पण पाचव्या वचनात बाळ (बहुतेकांच्या मते येशू) जन्मून वर नेलं जातं, लढाई सातव्यात येते, आणि अकराव्यात विजय कोकऱ्याच्या, म्हणजे येशूच्या, रक्ताने मिळतो. मग लढाई आरंभीची कशी? यावर गटाला भांडू द्या, घाई करू नका.

बाकीची मतं थोडक्यात आटपा. दुसऱ्या शतकातला बिशप आयरेनियस याच्या मते सैतान माणसाचा हेवा करून पडला. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीच्या बायबलात हनोखाचा ग्रंथ हा प्राचीन यहुदी ग्रंथ आहे. त्यात देवदूत मानवी स्त्रियांच्या मोहात पडतात. ख्रिस्ताडेल्फियन हा छोटा ख्रिस्ती पंथ; ते तर सैतानाला व्यक्तीच मानत नाहीत, माणसातली पापवृत्ती मानतात. मला ते पटत नाही, पण त्यांचं म्हणणं मी नीट मांडते.

एखादा तरुण विचारेलच, मग देवाने सैतान घडवलाच का? आम्ही प्रोटेस्टंट असलो तरी इथे मी १२१५ च्या लॅटरन परिषदेचा (रोममधल्या कॅथलिक धर्मसभेचा) निर्णय सांगते: देवाने त्याला चांगलाच निर्माण केला, वाईट तो स्वतः झाला. वाईटाचा निर्माता वेगळाच, असं मानणाऱ्या कॅथर पंथीयांना ते उत्तर होतं. त्यावर पुढचा प्रश्न येतो, चांगल्याला वाईट व्हावंसं वाटलंच कसं? तो पुढच्या बुधवारसाठी ठेवा, एका बैठकीत उरकू नका.