जुनं हिब्रू पुस्तक विकत घेण्याआधीची तयारी

काय जमवायचं ते आधी ठरवावं. हिब्रू छपाई रोमपासून पुण्यापर्यंत पसरलेली आहे आणि सगळंच हवं म्हणणाऱ्याच्या कपाटात शेवटी पन्नास अपुरी पुस्तकं उरतात. १५०० सालापर्यंतच्या हिब्रू छापील आवृत्त्या जेमतेम दीडशेच्या घरात आहेत. त्यातली साल-तारखेसकट छापलेली सर्वांत जुनी म्हणजे इटलीतल्या रेज्जो दि कालाब्रियाची, १४७५ ची. त्या गल्लीत नवख्याने शिरू नये. सोळाव्या शतकातलं व्हेनिस त्यामानाने आवाक्यातलं आहे आणि शिकायलाही उत्तम. मराठी वाचकाला आणखी एक दालन घराजवळचं आहे: पेसाह या ज्यू सणाच्या रात्री वाचायचा हिब्रू-मराठी हग्गादा, मुंबईचा १८४६ चा आणि पुण्याचा १८७४ चा. पुण्याच्या हग्गाद्यातल्या चित्रांत बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, बायका मात्सा ही बिनखमिराची भाकरी करताना दिसतात. त्याची हुबेहूब प्रतिकृती विसाव्या शतकात निघालेली आहे, त्यामुळे चित्र ओळखीचं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये. आधी कागद पाहावा.

हिब्रू वाचता येत नसेल तर निदान बावीस अक्षरं आणि त्यांच्या किमती पाठ कराव्यात. आलेफ एक, योद दहा, कोफ शंभर, ताव चारशे. दोन आठवड्यांचं काम आहे आणि त्याशिवाय पुढचं काहीच जमत नाही, कारण पानांचे आकडे आणि छपाईचं साल दोन्ही अक्षरांतच असतं. पंधरा लिहिताना योद-हे न लिहिता तेत-वाव लिहितात आणि सोळाला तेत-झाइन, कारण योद-हे आणि योद-वाव ही देवाच्या नावाची रूपं होतात. हे ठाऊक नसलं की पंधरावं पान चुकीचं छापलंय असं वाटतं. ज्यू कालगणनेतल्या या सालात पाच हजारांचा आकडा बहुधा गाळलेला असतो. उरलेल्या आकड्यात १२४० मिळवले की इसवी सन येतो. पुण्याच्या हग्गाद्याचं साल ताव ४००, रेश २००, लामेद ३०, दालेत ४, म्हणजे ६३४, म्हणून १८७४. मात्र ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, तेव्हा महिना तिशरी या पहिल्या महिन्यापासून डिसेंबरपर्यंतच्या टप्प्यातला असेल तर १२३९ च मिळवावेत. काही मुद्रक साल सरळ न देता बायबलमधलं एखादं वचन छापतात आणि त्यातली मोजायची तेवढीच अक्षरं मोठी करतात किंवा त्यांच्या डोक्यावर टिंब देतात. झिजलेल्या छपाईत टिंब उडालेलं असतं, नाहीतर धुळीचा ठिपका टिंब होऊन बसतो, आणि साल शंभराने चुकतं. वाचलेलं साल नेहमी मुद्रकाच्या हयातीशी ताडून घ्यावं.

गावाच्या नावातही गंमत आहे. ॲमस्टरडॅमचे हिब्रू खिळे इतके नावाजलेले होते की जर्मनीतले मुद्रक मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ‘ॲमस्टरडॅम’ छापत, त्याच्या आधी बारीक अक्षरांत ‘च्या खिळ्यांनी’ अशा अर्थाचा शब्द, आणि आपलं खरं गाव कुठेतरी कोपऱ्यात. म्हणून मुखपृष्ठावरचा सगळ्यात बारीक मजकूर सगळ्यात आधी वाचावा.

लिलावाआधी वस्तू पाहायला ठेवतात, त्या दिवसासाठी पिशवी आदल्या रात्री भरून ठेवावी. दहापट मोठं दाखवणारं भिंग, तीस सेंटिमीटरची पारदर्शक पट्टी, मऊ टेप, ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च, एक साधा छोटा टॉर्च, कागदामागे धरायची पातळ एलईडी पाटी, शिसपेन्सिल आणि वही. पेन नको, जवळसुद्धा नको. चांदी पाहायची असेल तर दोन किलोपर्यंतचा वजनकाटा आणि लोहचुंबक. इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या प्रतीची चित्रं असतील तर ती मोबाइलमध्ये उतरवूनच जावं. पाहणीच्या खोलीत नेट मिळेलच असं नाही. एका पुस्तकाला किमान चाळीस मिनिटं धरावीत, म्हणजे एका दिवसात सात-आठहून जास्त पुस्तकं होत नाहीत. हात धुऊन कोरडे करावेत. कागदाला हातमोजे नकोत, बोटांची जाणीव जाते आणि पान फाटतं. पुस्तक उजवीकडून उघडतं, तेव्हा टेकूही त्याप्रमाणे लावून घ्यावा आणि शंभर अंशांपलीकडे उघडू नये. ते जमिनीवर ठेवू नये, पालथंही घालू नये. हा पुस्तकाचा मान तर आहेच, शिवाय शिवणही वाचते.

आता सगळ्यात वेळ खाणारं काम: पुस्तक पुरं आहे का. किमतीत फरक पडतो तो इथे. जुन्या हिब्रू पुस्तकांत आकडे बहुधा पानाला असतात, पृष्ठाला नाही. तालमूदच्या, म्हणजे ज्यू धर्मशास्त्रावरच्या चर्चांच्या ग्रंथाच्या, खंडात मजकूर बेत या आकड्याने, म्हणजे दुसऱ्या पानापासून सुरू होतो, कारण मुखपृष्ठ हेच पहिलं पान. ‘पहिलं पान गायब’ म्हणून नवखा माणूस तिथेच उठतो. छापलेल्या आकड्यांवर विसंबू नये, त्यांत चुका सर्रास असतात. त्याऐवजी प्रत्येक पानाच्या तळाला डाव्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असतो, तो पुढे जुळतो का ते पाहत जावं.

पण तालमूदच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. डॅनिएल बोमबर्ग या अँटवर्पहून आलेल्या ख्रिस्ती मुद्रकाने व्हेनिसमध्ये १५२० ते १५२३ च्या सुमारास पहिला संपूर्ण बॅबिलोनियन तालमूद छापला. कुठल्या पानावर कुठला मजकूर हे त्याने जे ठरवलं तेच नंतरच्या मुद्रकांनी पाळलं, आजही पाळतात. त्यामुळे बोमबर्गच्या प्रतीतलं हरवलेलं पान व्हेनिसच्याच जुस्तिनियानी या मुद्रकाच्या नंतरच्या आवृत्तीतून (१५४६–५१) आणून बसवलं, तर मजकूर जुळल्यासारखाच दिसतो आणि शब्द तपासणाऱ्याला काहीच खटकत नाही. ते पकडायचं कागदावरून. पानामागे एलईडी पाटी धरावी. कागद बनवायच्या साच्याच्या तारांच्या उभ्या रेघांमधलं अंतर शेजारच्या पानांसारखंच आहे का, जलचिन्ह त्याच कुळातलं आहे का, हे पाहावं. मग कसरीचं भोक शोधावं. कीड पानं मोजून खात नाही, सरळ आरपार जाते. सहाव्या आणि आठव्या पानाला भोक आहे आणि सातवं अखंड आहे, तर सातवं पान बाहेरून आलंय.

मुखपृष्ठ आणि शेवटचं पान या दोन ठिकाणी संशय दुप्पट ठेवावा, कारण सगळ्यात आधी फाटतात तीच आणि बनवून बसवली जातात तीही तीच. साधा टॉर्च पानाला जवळजवळ समांतर धरला की खिळ्यांनी कागदात दाबलेले खड्डे दिसतात. गुळगुळीत सपाट छपाई म्हणजे नक्कल. यूव्हीखाली निळसर पांढरं चमकणारं पान असेल तर त्या कागदात विसाव्या शतकातली उजळ करणारी रसायनं आहेत.

शाईने खोडलेल्या ओळी दिसल्या तर घाबरू नये, उलट नीट पाहाव्यात. १५५३ च्या सप्टेंबरात रोमच्या काम्पो दे फिओरी चौकात तालमूद जाळला गेला आणि पाठोपाठ व्हेनिसमध्येही. म्हणूनच त्याआधीच्या तालमूद-प्रती इतक्या कमी आहेत. पुढे इटलीत चर्चचे तपासनीस हिब्रू पुस्तकं चाळून नको त्या ओळी खोडत आणि शेवटच्या पानावर सही-साल टाकत. डोमिनिको इरोसोलिमितानो, लुईजी दा बोलोन्या, कामिलो जागेल ही नावं पुन्हा पुन्हा भेटतात. अशी सही म्हणजे ते पुस्तक त्या साली इटलीत होतं याचा पुरावा. खोडायची शाई लोहयुक्त असते, ती आम्लाने कागद खाते. ओळीच्या जागी तपकिरी जाळी झाली असेल तर ते पान उलटताना खालून हात द्यावा. विक्रेत्याने ‘साफ केलेली प्रत’ म्हटलं तर ती धुतली आहे का ते स्पष्ट विचारावं. धुतलेल्या कागदाचा कडकपणा गेलेला असतो आणि सहीही कधी कधी पाण्याबरोबर गेलेली असते.

हस्तलिखिताला वेगळी तयारी लागते. लिपीचं वळण स्पेनचं, जर्मनीचं, इटलीचं की येमेनचं हे ओळखायला निदान वर्षभर चित्रं पाहत बसावं लागतं, त्याला आडवाट नाही. चर्मपत्राच्या घड्या मोजाव्यात: इटली आणि पूर्वेकडच्या देशांत बहुधा पाच दुपानांचा (मधोमध दुमडून एकात एक घातलेल्या पत्रांचा) जुडगा, जर्मनी आणि स्पेनकडे चारांचा. जुडगे अधेमधे कमी भरले तर पानं गळाली आहेत. लेखनिकाची अखेरची नोंद मिळाली तर आनंदच, पण येमेनी हस्तलिखितात साल सेल्युसिड गणनेत, म्हणजे इसवी सनापूर्वी ३१२ पासून मोजलेलं, असू शकतं. तिथला १८०० हा आकडा म्हणजे एकोणिसावं शतक नव्हे. त्यातून ३१२ वजा केले की १४८८ ची शरद येते, आणि ३११ वजा केले की पुढच्या वर्षाचा उरलेला भाग. उलट, नवं हस्तलिखित जुनं म्हणून खपवायलाही ही गणना पुढे केली जाते. सेफर तोराचे, म्हणजे सिनेगॉगमध्ये वाचायच्या हस्तलिखित तोरा-गुंडाळीचे, सुटे कापलेले तुकडे विकायला येतात, ते घेऊ नयेत. मागणी आहे म्हणून कापणारे आहेत.

वस्तू कोणाच्या हातून आली, हे विचारायचे प्रश्न पाहणीला जाण्याआधीच विक्रेत्याला लेखी पाठवावेत. १९३३ ते १९४५ या काळात ती कुठे होती, याचं उत्तर ‘युरोपातला खासगी संग्रह’ एवढंच आलं तर ते उत्तर नव्हे. नाझींनी लुटलेली पुस्तकं युद्धानंतर जर्मनीत ऑफेनबाखच्या कोठारात गोळा केली होती. ज्यांचे मालक उरले नव्हते त्यांतली पुष्कळशी ज्यूइश कल्चरल रिकन्स्ट्रक्शन या संस्थेने चिठ्ठी चिकटवून ग्रंथालयांना वाटली. ती चिठ्ठी असेल तर पुस्तक ग्रंथालयातून बाहेर कसं पडलं याचा कागद मागावा. शिक्के खरवडलेली जागा यूव्हीखाली डागासारखी दिसते. जमातींच्या नोंदवह्या आणि दफनमंडळांच्या गुंडाळ्या यांच्यापासून तर लांबच राहावं. २०२१ मध्ये अमेरिकी सरकारने न्यूयॉर्कमध्ये विक्रीला आलेल्या अशा सतरा वस्तू जप्त केल्या. जुन्या संग्रहाचा क्रमांक मात्र मोठा आधार असतो. मुंबईत जन्मलेल्या डेव्हिड सॉलोमन ससून यांनी आपल्या हस्तलिखितांना क्रमांक दिले आणि १९३२ मध्ये त्यांची छापील सूची काढली. २०२३ मध्ये ३.८१ कोटी डॉलरला विकलं गेलेलं बायबल आजही त्यांच्याच नावाने, १०५३ या क्रमांकाने ओळखलं जातं. क्रमांक दिसला की सूचीतलं वर्णन पान-मापासकट ताडावं.

चांदीच्या विधीवस्तूंत, म्हणजे तोराच्या दांड्यांवरचे रिमोनीम, वाचताना ओळीवरून फिरवायचा याद, मसाल्याची डबी, हनुक्काचा दिवा, यांत नकला पुस्तकांहून कितीतरी जास्त आहेत. रशियन ‘८४’ हा छाप म्हणजे ९६ पैकी ८४ भाग शुद्ध, ८७५ चांदी. सगळ्यात जास्त खोटा मारला जाणारा छापही तोच. भिंगाखाली छापाच्या कडा मऊ, बुडबुड्यांसारख्या दिसल्या तर वस्तू छापासकट ओतलेली आहे. कोरलेलं साल छापाच्या सालानंतरचं असणं चालतं, वस्तू नंतर अर्पण झाली असेल. छापच नंतरचा निघाला तर विक्रेत्याने कारण सांगितलं पाहिजे. दालेतऐवजी रेश, हेऐवजी हेत अशा चुका म्हणजे लगेच बनावट नव्हे. ज्यूंना कारागीरसंघांत प्रवेश नसल्याने पुष्कळ जुनी कामं हिब्रू न येणाऱ्या ख्रिस्ती सोनारांचीच आहेत. कोरीव रेघेच्या आत चांदी ताजी आणि भोवती काळवंडलेली दिसली, तर साधी तंबाखूची डबी नंतर एत्रोगची, म्हणजे सणाला लागणाऱ्या लिंबासारख्या फळाची, डबी झालेली असू शकते. रिमोनीमची जोडी वेगवेगळी तोलावी. हस्तिदंत असेल तर सीमापार व्यापाराच्या बंधनांमुळे विषय तिथेच सोडावा.

पैशांचा हिशेब हातोडा पडतो त्या आकड्यावर करू नये. त्यावर लिलावगृहाचं खरेदीदाराकडून घेतलं जाणारं शुल्क, बहुधा वीस टक्क्यांच्या वर, मग कर, विमा, वाहतूक आणि सीमाशुल्क. ‘विथ ऑल फॉल्ट्स’, म्हणजे दोषांसकट आहे तशी, अशी नोंद असेल तर परतीचा मार्ग बंद. इस्रायलमधून १७०० पूर्वीची वस्तू बाहेर काढायला तिथल्या पुरातत्त्व प्राधिकरणाची मंजुरी लागते. ती कोण आणणार ते आधी ठरवावं. भारतात १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू आणि ऐतिहासिक किंवा वाङ्‌मयीन मोलाची पंचाहत्तर वर्षांपूर्वीची हस्तलिखितं पुरावस्तू ठरतात आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. बाहेरून आणलेल्या वस्तूच्या आयातीचे कागद म्हणूनच जन्मभर जपावेत.

घरची तयारी पार्सल येण्याआधी झालेली असावी. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता सहज ऐंशीच्या वर जाते, चर्मपत्राला पन्नासच्या आसपास हवी. आर्द्रतामापक आणावा, कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवावं. पोथीसारखं लाल कापडात बांधू नये, ओलाव्यात रंग उतरतो. धुतलेलं, रंग न दिलेलं सुती कापड घ्यावं. डांबरगोळ्या, रबरबँड, चिकटपट्टी, लॅमिनेशन यांतलं काहीही नको. चांदीला चिंच, राख, भांड्यांची पावडर लावली तर सोन्याचा मुलामा आणि छाप दोन्ही जातात. मऊ कापडाने पुसून आम्लरहित कागदात गुंडाळणं पुरे.

आलेलं पुस्तक दोन आठवडे इतर पुस्तकांपासून वेगळ्या बंद पेटीत ठेवावं, खाली पांढरा कागद अंथरून. कागदावर पिठासारखी ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे, पेटी उघडू नये आणि जतन-तज्ज्ञाला बोलवावं. बांधणीतून सुटलेल्या चिंध्या झाडून टाकू नयेत. जुन्या बांधणीकारांनी पुठ्ठा भरायला आणि कणा बळकट करायला त्याहून जुन्या हस्तलिखितांच्या पट्ट्या वापरलेल्या आहेत, आणि मूळ पुस्तकापेक्षा पट्टीच जास्त मोलाची निघू शकते. प्रत्येक तुकडा कुठल्या पानाजवळ सापडला ते लिहून पाकिटात ठेवावा. ज्याचा ठावठिकाणा लागत नाही पण ज्यावर देवाचं नाव असू शकतं, असा तुकडा जवळच्या सिनेगॉगच्या गेनीझाकडे, म्हणजे जीर्ण पानं दफनासाठी साठवतात तिथे, पोचवावा.