जुन्या गाडीत पाणी झिरपते तेव्हा या चुका टाळा

वापरलेली गाडी घेतल्यानंतर पहिल्याच जोरदार पावसात पायाखालची मॅट ओली लागली, की बहुतेक जण सिलिकॉनची ट्यूब आणतात आणि दिसेल ती फट बुजवत सुटतात. ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सनरूफच्या चौकटीत, दारांच्या पोकळीत आणि वायपरखालच्या खोलगट भागात पाणी शिरणारच, हे धरूनच गाडीची रचना केलेली असते. ते पाणी ठरलेल्या नळ्यांतून आणि भोकांतून खाली जमिनीवर पडावे, एवढीच अपेक्षा असते. वर्षानुवर्षांच्या माती-पाचोळ्याने या वाटा तुंबल्या, की पाणी आपली वाट आतल्या बाजूने काढते. म्हणून फट शोधण्याआधी निचरा तपासावा.

जिथे ओले दिसते तिथूनच पाणी येते, असे मानणे ही दुसरी चूक. छताच्या अस्तरामागून, खांबांच्या पोकळीतून किंवा वायरिंगच्या जुडग्यावरून ओघळत पाणी बरेच दूर जाते, आणि गाडी उतारावर उभी असेल तर त्याची दिशाही बदलते. त्यामुळे ओलावा कुठे आहे यापेक्षा तो केव्हा येतो, हे आधी पाहावे. पाऊस नसताना, एसी चालू असतानाच स्वच्छ पाणी पायापाशी साचत असेल, तर एसीची निचरा नळी तुंबलेली असण्याची शक्यता मोठी असते. गाडीखाली नेहमी पडणारे थेंब बंद झाले असतील तर संशय आणखी बळावतो. ओलावा चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर आतून तेलकट थर धरत असेल, तर ते पाणी नसून हीटरमधून गळणारे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, आहे. ते विषारी असल्याने मुलांना आणि पाळीव प्राण्यांना दूर ठेवून दुरुस्ती तातडीने करावी. फक्त साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यावरच मॅट भिजत असेल, तर तळाच्या पत्र्यातील एखादे रबरी बूच निघालेले किंवा तिथला पत्रा गंजून भोक पडलेले असू शकते.

पावसाचेच पाणी आहे हे ठरल्यावर प्रेशर वॉशरने गाडी झोडपू नये. तेवढ्या दाबाने चांगल्या रबरातूनही पाणी आत जाऊ शकते आणि तपास भरकटतो. साध्या नळीने, कमी दाबाने, खालून सुरुवात करून हळूहळू वर जावे, प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटे थांबावे, आणि आत टॉर्च घेऊन दुसरी व्यक्ती बसवावी. वरूनच पाणी सोडले तर ते सगळीकडे पसरते आणि नेमकी जागा कळत नाही. संशयित कडांवर कोरडा टिश्यू पेपर दाबून ठेवला, तर पहिला थेंबही दिसतो.

सनरूफच्या बाबतीत तर बहुधा काचेच्या रबरालाच दोष दिला जातो. प्रत्यक्षात ते रबर पाणी पूर्णपणे अडवत नाही. आत आलेले पाणी भोवतीच्या पन्हळीत पडते आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून उतरते. प्रत्येक कोपऱ्यात थोडे पाणी ओतून ते गाडीखाली बाहेर पडते का, ते पाहावे. पडत नसेल तर नळीत लोखंडी तार खुपसू नये आणि कॉम्प्रेसरची जोरदार हवाही सोडू नये, कारण नळी फाटते किंवा जोडावरून निसटते आणि मग सगळे पाणी थेट अस्तरात उतरते. गवत कापण्याच्या यंत्राची मऊ नायलॉन दोरी हलक्या हाताने फिरवणे पुरेसे असते.

वायपरखालच्या भागाकडे दुर्लक्ष करणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. पाने वरवर वेचली तरी प्लास्टिकच्या आवरणाखाली, निचऱ्याच्या तोंडाशी, कुजलेल्या पाचोळ्याचा काळा गाळ तसाच राहतो. तिथे पाण्याची पातळी वाढली, की ते हवा आत घेण्याच्या तोंडातून ब्लोअरमध्ये, म्हणजे गाडीत हवा फेकणाऱ्या पंख्यात, शिरते आणि ब्लोअरच्या बाजूची मॅट भिजते. हे आवरण काढून गाळ हातानेच उपसावा.

दारांची गोष्ट वेगळी आहे. दाराच्या आतल्या पॅनेलमागे एक प्लास्टिकचा किंवा फोमचा पडदा चिकटवलेला असतो. स्पीकर बदलताना किंवा काचेचे यंत्र दुरुस्त करताना तो फाडला जातो आणि परत नीट चिकटवला जात नाही. मग दाराच्या कडेचे रबर कितीही नवे घातले तरी पाणी पॅनेलमागून उंबऱ्यावरून आत येतच राहते. पडदा बुटाइल टेपने, म्हणजे चिकट रबरी पट्टीने, सलग चिकटवावा, त्याची खालची कड पाणी दाराच्या पोकळीतच परतवेल अशी बसवावी आणि दाराच्या तळाची भोके मोकळी ठेवावीत.

पुढच्या काचेच्या कडेने खरोखरच गळत असेल, तर तिथे घरगुती सिलिकॉन भरू नये. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन पत्र्याला गंज आणते, आणि त्याचा थर राहिला की काचेचे खरे चिकटद्रव्य नीट धरत नाही. काच काढून, गंज साफ करून ती पुन्हा बसवणे हाच टिकाऊ उपाय आहे.

गळती थांबली म्हणून कार्पेट वरून पुसून सोडून देऊ नये. त्याखालच्या जाड फोममध्ये पाणी आठवडेच्या आठवडे राहते; तिथेच बुरशी धरते, तळ गंजतो आणि वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडतात. कार्पेट उचलून फोम पूर्ण वाळवावा. त्यासाठी सीट काढायची असेल, तर आधी बॅटरी सोडवून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे, कारण सीटखाली एअरबॅगचे कनेक्टर असू शकतात. डिकीतही स्टेपनी उचलून पाहावी. तिथे पाणी असेल तर टेल लॅम्पचे गॅस्केट (जोडातून येणारे पाणी अडवणारी पट्टी), डिकीचे रबर आणि बंपरमागची हवेची झडप याच क्रमाने तपासावी. स्टेपनीच्या खड्ड्यातील बूच काढून ठेवले तर साचलेले पाणी निघून जाते, पण त्याच भोकातून रस्त्यावरचे पाणी वर उडते, म्हणून खड्डा कोरडा करून बूच परत बसवावे.