चेक इंजिनचा दिवा लागला की लगेच सेन्सर बदलू नका

सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद पुण्याला टाकून परत येत होतो. गाडी रिकामी, तरी खंबाटकीच्या चढाला माझ्या सीएनजी ट्रकला धाप लागली. मायलेज आधीच घसरलं होतं. गॅरेजमध्ये स्कॅनरवर 'मिश्रण पातळ' (हवा जास्त, गॅस कमी) असा कोड आला आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलून मिळाला. चार दिवसांत दिवा पुन्हा हजर! सेन्सर धडधाकट होता, इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं होतं.

पहिली चूक हीच. फटीतून धूर बाहेर जातो तशी बाहेरची हवाही झटक्याझटक्याने आत येते. सेन्सरला वाटतं, ऑक्सिजन जास्त आहे. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याच्यावर विश्वास ठेवून गॅस वाढवतो. सीएनजीला एक किलो गॅसमागे साधारण 17 किलो हवा लागते, तो हिशोब असा बिघडतो. म्हणून सकाळी थंड इंजिन सुरू करून टिक्-टिक् आवाज येतो का ऐका, जोडावर काजळी आहे का बघा. सेन्सरच्या हीटरचा फ्यूज, वायर, कनेक्टरही तपासा. सेन्सर साधारण 300 अंशांच्या वर तापल्यावरच नीट बोलतो.

दुसरी चूक महागडी. मिसफायर होत असताना, म्हणजे सिलिंडरमध्ये गॅस नीट पेटत नसताना, 'एवढी खेप मारून घेऊ' म्हणणं. न जळलेला गॅस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा डबा) जाऊन जळतो आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते. मग धुराची वाट अडते. गाडी जागेवर ठीक, पण लोडवर आरपीएम चढत नाही. थंड असताना रबरी हातोडीने हलकं ठोकून बघा, आत खुळखुळलं तर जाळी तुटलीय. जाळी वितळून गच्च बसली असेल तर मात्र आवाज येणार नाही. मग पुढच्या सेन्सरच्या भोकात गेज लावून बॅकप्रेशर (अडलेल्या धुराचा दाब) मोजायला लावा. आणि नवा कन्व्हर्टर बसवण्याआधी प्लग, कॉइल दुरुस्त करा, नाहीतर नवाही तसाच जाईल.

मागच्या सेन्सरचं काम कन्व्हर्टरवर लक्ष ठेवण्याचं. पुढच्याचा आकडा सतत वरखाली नाचतो, मागच्याचा बऱ्यापैकी स्थिर राहायला हवा. दोन्ही सारखेच नाचत असतील तर कन्व्हर्टर थकलाय. 'आतलं काढून पोकळ पाइप टाकू' असा सल्ला मिळेल. त्यात पीयूसी अडते, दिवा विझत नाही आणि ते बेकायदेशीरही आहे.

गॅस्केट बसवताना साधा सिलिकॉन फासू नका, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो. 'सेन्सर-सेफ' लिहिलेलाच घ्या. सेन्सरचं टोक पेट्रोलने धुऊ नका, तारेच्या ब्रशने घासूही नका.

डिझेल बीएस-6 वाल्यांचं दुखणं वेगळं: तिथे नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा), डीपीएफ (काजळी अडवणारी गाळणी) आणि धूर स्वच्छ करायला लागणारा युरियाचा द्रव. 32.5 टक्के युरियाच्या त्या द्रवात पाणी मिसळून वाचवलेले पैसे पुढे दुप्पट जातात.

आणि फडावर ऊस भरायला गेलात तर सुक्या पाचटावर गाडी लावू नका. कन्व्हर्टर पाचट पेटवण्याइतका तापलेला असतो.