सोसायटीमागच्या पावसाळी तळीची निगा

रत्नागिरीतल्या आमच्या सोसायटीमागची तळी शोभेची नाही. गच्च्या नि रस्त्यांवरचं पाणी काही तास अडवून हळूहळू पऱ्यात, म्हणजे ओढ्यात सोडायचं, एवढंच तिचं काम. म्हणून एरवी ती रिकामीच हवी.

आंबे उतरले की गाळ काढायला घ्या. मृगाच्या तोंडावर मजूर मिळत नाहीत. गाळ काठावर रचू नका, पहिल्याच सरीत परत आत येतो.

खरं दुखणं बाहेर सोडणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी. पातेरा, झावळ्या, दुधाच्या पिशव्या जाळीला चिकटतात. दर मोठ्या सरीनंतर जाळी मोकळी करा, पण पाणी भरलेलं असताना आत उतरू नका. काठावरून लांब आकडीने ओढा. पाइप मुद्दाम लहान ठेवलेला असतो. ‘मोठा टाका, पाणी लवकर जाईल’ असं सांगणारा एक तरी सभासद भेटतोच. ऐकू नका, खालच्या वाडीत पाणी शिरेल.

बांधावर गवत राहू द्या, झाडं नकोत. खेकड्यांची बिळं चिकणमाती ठासून बुजवा.

उघडीप पडल्यावर 72 तासांतही पाणी ओसरलं नाही, तर पाइप तुंबलाय समजा. डासांना आठवडाभर साचलेलं पाणी पुरतं.