आवाज येतो, पण चित्र नाही

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचं शूटिंग मावसभावाने मोबाइलवर केलं होतं. बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर लावलं, तर मंत्र ऐकू येत होते, पडदा मात्र काळा. फाइल खराब झाली असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं.

पण आवाज येतोय म्हणजे फाइल बहुधा शाबूत आहे. फाइल एमपी४ होती, पण एमपी४ हे फक्त वरचं वेष्टन. आत चित्र कोणत्या कोडेकमध्ये, म्हणजे चित्र दाबून साठवण्याच्या कोणत्या पद्धतीत, आहे ते महत्त्वाचं. व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये फाइल उघडून कंट्रोल-जे दाबलं की ते कळतं. इथे होता एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी. २०१३ साली आलेला हा कोडेक जागा कमी घेतो, म्हणून बरेच नवे फोन तो वापरतात. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरसाठी तो अनेकदा वेगळा बसवावा लागतो. व्हीएलसीत आधीपासूनच असतो.

चित्र आलं, पण अडखळत. जुन्या प्रोसेसरला ४के, म्हणजे इतकं बारीक तपशिलाचं चित्र, झेपेना. मग हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या मोफत प्रोग्रामने १०८०पी (४केपेक्षा लहान चित्र), एच.२६४ (जुना कोडेक) अशी प्रत काढली. रात्रभर लॅपटॉप चालू ठेवावा लागला, पण ती प्रत टीव्हीवरही चालते. मूळ फाइल मात्र पुसू नका, खरा दर्जा तिच्यातच आहे. आणि नुसतं एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावाचं .mp4 सारखं शेपूट, बदलून आतला कोडेक बदलत नाही, तसा सल्ला कुणीही देवो.