निराधार तरुण मातेला बाळासह निवारा मिळवून देताना

रेल्वे स्थानकावर किंवा एसटी आगारात तान्ह्या बाळाला घेऊन बसलेली तरुणी निराधार असल्याचे लक्षात आल्यास प्रथम तिच्या पोटात काही जाईल, एवढे पाहावे आणि तिच्या संमतीने १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा; जिवाला धोका असेल तर ११२ वर.

पुढची सारी वाट तिच्या वयावरून ठरते. तिला १८ वर्षे पूर्ण नसतील तर कायद्याच्या दृष्टीने ती स्वतःच बालक असते. अशा वेळी १०९८ या बाल हेल्पलाइनवर कळवावे लागते आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत तिला बाल कल्याण समितीसमोर हजर करावे लागते. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना माहिती देणेही बंधनकारक असल्यामुळे ‘मी कुणाला सांगणार नाही’ असा शब्द तिला देऊ नये. हा शब्द मोडला की ती पुढे कोणावरच विश्वास ठेवत नाही.

सज्ञान मातेसाठी जिल्ह्यातील सखी वन स्टॉप सेंटर या संकटग्रस्त महिलांच्या मदत केंद्रामध्ये साधारण पाच दिवस राहण्याची सोय असते. हे दिवस विश्रांतीत गेले तर सहाव्या दिवशी ती पुन्हा रस्त्यावर येण्याची भीती असते. म्हणून पहिल्याच दिवशी शक्ती सदन या निराधार महिलांच्या निवारागृहातील प्रवेशासाठी अर्ज करावा. पूर्वीची स्वाधारगृहे २०२२ पासून केंद्र सरकारच्या मिशन शक्ती योजनेखाली याच नावाने चालतात. आईबरोबर मुलगी कोणत्याही वयाची राहू शकते, मुलगा मात्र १२ वर्षांपर्यंतच. त्याहून मोठा मुलगा असल्यास त्याची व्यवस्था कोठे होणार आणि भेटी कधी मिळणार, हे प्रवेशापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

कागदपत्रांत सर्वांत मोलाचे ठरते ते प्लॅस्टिकच्या पिशवीत चुरगळलेले माता-बाल संरक्षण कार्ड, कारण कित्येकदा आई आणि बाळ या दोघांची नोंद असलेला तेवढाच कागद तिच्याजवळ असतो. त्याची लगेच छायाप्रत काढावी. वडिलांचे नाव नाही म्हणून जन्मदाखला अडवता येत नाही. अविवाहित मातेबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तसा स्पष्ट निर्णय दिला आहे. आधार कार्डाअभावी प्रवेश नाकारला गेल्यास जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये.

‘बाळ देऊन टाक, मोकळी हो’ असा सल्ला या काळात तिला अनेकजण देतात. तो आपण देऊ नये. तिने स्वेच्छेने बाळ बाल कल्याण समितीकडे सोपवले, तरी फेरविचारासाठी तिला ६० दिवस मिळतात, हे मात्र तिला जरूर सांगावे.