अक्षरं सारखी, अर्थ वेगळे: इंग्रजी शब्द पाठ करताना या चुका टाळा

पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इनफ्लेमेबल' असं ठळक लिहिलेलं असतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या दहा मुलांना अर्थ विचारा, 'पेट न घेणारा' हे उत्तर हमखास येतं. वहीच्या पहिल्याच पानावर नियम असतो ना: 'आय-एन' म्हणजे नकार. इनव्हिजिबल म्हणजे अदृश्य, इनकरेक्ट म्हणजे चुकीचं, मग इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारं. नियम पाठ असतो, पण 'न पेटणारं' असेल तर टँकरवर इशारा कशाला लिहिला, एवढंही कुणी थांबून बघत नाही.

लॅटिनमधून इंग्रजीत दोन 'इन' आले. एक नकाराचा, दुसरा 'आत, मध्ये' या अर्थाचा. 'इनफ्लेम' म्हणजे पेटवणे, भडकवणे. डॉक्टर 'इनफ्लमेशन' म्हणतात तो शरीरातला दाह याच घरातला. त्यामुळे इनफ्लेमेबल म्हणजे सहज पेट घेणारं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही इथे फसत होते. आगीशी खेळ नको म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकात 'फ्लेमेबल' हा शब्द वापरण्याचा आग्रह धरला. आज दोन्ही शब्द चालतात आणि दोन्हींचा अर्थ एकच. न पेटणाऱ्याला 'नॉनफ्लेमेबल' म्हणतात.

मराठी माणसाला हे अवघड जायचं कारण नाही. 'अनुचित' आणि 'अनुवाद' दोन्ही 'अनु'नेच सुरू होतात. पहिल्यात अन् + उचित, म्हणजे नकार. दुसऱ्यात 'अनु' म्हणजे मागोमाग. आपण कधी गोंधळतो का? मग इंग्रजी शब्दही तसाच फोडायचा.

'-एबल'ने संपणाऱ्या शब्दांसाठी माझी सवय सांगतो. शेवटचं '-एबल' काढा आणि 'इन'सकट क्रियापद उरतं का, शिवाय त्याचा अर्थ वाक्यात बसतो का, ते बघा. 'इनहॅबिट' म्हणजे वस्ती करणे, म्हणून 'इनहॅबिटेबल' म्हणजे राहण्याजोगं, नकारासाठी 'अनइनहॅबिटेबल'. 'इनव्हॅल्यू' असं क्रियापदच नाही, म्हणजे 'इनव्हॅल्युएबल'मधला 'इन' नकाराचा. तरी अर्थ 'कवडीमोल' होत नाही. ज्याचं मोल करता येत नाही ते, थेट आपलं 'अनमोल'. अर्थाची अट मात्र सोडू नका. 'इनकर' हे क्रियापद आहे, पण 'इनक्युरेबल'शी त्याचा संबंध नाही. तिथे इन + क्युरेबल, असाध्य.

दुसरी जुनी चूक 'पी-ई-डी'ची. 'पेड म्हणजे पाय' हे मूळ पाठ केलं, की पेडेस्ट्रियन, पेडल, सेंटीपीड हे सगळे झटपट सुटतात. 'इम्पीड' म्हणजे पायात खोडा घालणे, 'एक्सपीडाइट' म्हणजे तो काढून काम झटपट पुढे नेणे. लॅटिनमधला हा 'पेड' आणि संस्कृतातला 'पद' एकाच कुळातले, त्यामुळे तो लक्षातही छान राहतो. आणि मग पीडिएट्रिशियन पायाचा डॉक्टर होतो! तिथलं मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ मूल. पेडगॉजी म्हणजे अध्यापनशास्त्र, तेही मुलाशीच जोडलेलं. सगळ्यात जास्त फसवतो ऑर्थोपेडिक, कारण हाडांच्या दवाखान्यात पायाचे रुग्ण खरंच दिसतात. हा शब्द १७४१ मध्ये फ्रेंच वैद्य निकोलस आंद्री यांनी घडवला: 'ऑर्थोस' म्हणजे सरळ आणि पुढे मूल. मुलांच्या शरीरातली व्यंगं दुरुस्त करण्याची विद्या, असा त्याचा मूळ अर्थ. ब्रिटिश स्पेलिंग पाळलं तर हा गुंता बराच सुटतो: 'पी-ए-ई-डी' दिसलं की मूल. पेडगॉजीत मात्र तो 'ए' गळला आहे, तेवढा वेगळा लक्षात ठेवा.

मूळ पाठ करणं चुकीचं नाही. एका मुळावर तीन शब्द बसले की चौथा आपोआप बसेल, ही घाई चुकीची. चौथ्याला शब्दकोश उघडायचा आणि व्युत्पत्तीची ओळ वाचायची. अर्धं मिनिट लागतं. 'आठवड्यात हजार शब्द'वाल्या याद्यांमध्ये नेमकी हीच ओळ नसते.

'अँटी' ऐकून थांबू नका, स्पेलिंग बघा. शेवटी 'ई' असेल तर आधी: गरोदरपणातली एएनसी तपासणी ती हीच, अँटीनेटल, जन्माआधीची. शेवटी 'आय' असेल तर विरुद्ध: अँटिबायोटिक. अपवाद 'अँटिसिपेट', 'आय' असूनही त्यात 'आधी'च आहे.

हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. थायरॉइडचा रिपोर्ट वाचताना हे शेवटचं अक्षर गिळू नका.

'होमिसाइड'मधला होमो लॅटिन, माणूस. 'होमोजीनियस'मधला ग्रीक, समान.

सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच दिवशी पाठ करणं ही तर हाताने ओढवलेली आपत्ती. अफेक्ट आणि इफेक्ट शेजारी लिहून दोन्हींपुढे 'परिणाम' लिहिलं, की ते कायमचे एकमेकांत मिसळले. एक शब्द आधी पक्का करा, जोडीदार दहा दिवसांनी. आणि अर्थ एका शब्दात न लिहिता वाक्यात लिहा: 'पावसाने पिकावर परिणाम केला' हे अफेक्ट, 'पावसाचा परिणाम दिसला' हे इफेक्ट. इफेक्ट क्रियापद म्हणूनही येतो, तेव्हा अर्थ 'घडवून आणणे'. तो पहिल्या दोन्ही वापरांत हात बसल्यावरच घ्या.

शेवटी 'सीड' ऐकू येणारे शब्द. 'सी-डबल ई-डी'ने संपणारे नेहमीच्या वापरात तीनच: एक्सीड, प्रोसीड, सक्सीड. 'एस-ई-डी-ई'ने संपणारा एकटा सुपरसीड. प्रिसीड, रिसीड, कन्सीड, सिसीड वगैरे बाकीचे 'सी-ई-डी-ई'. सुपरसीडमध्ये 'एस' का? इतरांचं मूळ 'जाणे, मागे सरणे', याचं मूळ 'बसणे': दुसऱ्याच्या वर जाऊन बसणे. परिषद आणि उपनिषद यांतला 'सद्' धातू याच 'सेड'चा नातलग. तिथे 'स', इथे 'एस'. आणि प्रोसीडमध्ये दोन 'ई' असले तरी प्रोसिजरमध्ये 'सी'नंतर एकच.